बारा मिलिमीटरची गाठ

"गाठ साधी की कॅन्सरची, एवढं लिहायला या डॉक्टरांचे हात दुखतात का?" शेजारच्या टेबलावरच्या काकू पुटपुटल्या.

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात फाइल वाचून आजारांना ठरावीक क्रमांकांचे कोड देणाऱ्या ताईंनी मान हलवली. समोरची फाइल त्यांच्या धाकट्या बहिणीची होती. थायरॉइडमध्ये बारा मिलिमीटरची गाठ, पुढे डॉक्टरांनी काहीच लिहिलेलं नाही. न लिहिलेल्याला कोड देता येत नाही, म्हणून त्यांनी फाइल मिटली.

चहानंतर काही लिहून आलंय का ते बघायला उघडली, तर छापील आकडा चौदा होता.

"चष्मा पुसा," म्हणत काकूंनी स्वतः फाइल मिटून परत उघडली. सोळा. काकू खुर्ची मागे सरकवून एकदम पंख्याच्या आवाजाबद्दल बोलू लागल्या.

विभागाच्या साहेबांना बोलावलं. त्यांनी उघडून अठरा वाचलं, हलकेच मिटली आणि "बघू उद्या" म्हणत निघून गेले.

ताईंनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. पण कदाचित आकडा उतरलाही असेल, या आशेने त्यांना राहवेना. पुठ्ठा जेमतेम उचलला, तोच फोन वाजला. धाकटीच होती, आवाज पार बसलेला.

"ताई, पुरे ना गं आता. तू फाइल उघडलीस की मला गळ्यात कळतं."