कागद नसलेला तह

"सर, त्या तहाचा कागदच नव्हता," अलकनंदाने चौथ्यांदा सांगितलं.

"मॅडम, कागदाशिवाय तह कसा होईल?" बत्रासाहेबांनी हिरव्या शाईच्या पेनाला टोपण लावलं. "अमेरिकेहून पाहुणे येतायत. सही करतानाचा माझा फोटो हवा."

गाझियाबादच्या नव्या वसाहतीतली ही शाळा बत्रांच्या वडिलांनी काढलेली. अलकनंदा तिथे रसायनशास्त्र शिकवायची. स्नेहसंमेलनाचं नाटक तिच्या गळ्यात पडलं, कारण 'मराठी लोगों को तो नाटक का शौक होता है।' घेतलंच आहे तर नीट करावं म्हणून तिने तीन पुस्तकं वाचून काढली. सोळाशे ब्याऐंशी साल. एका एल्म वृक्षाखाली विल्यम पेन नावाच्या इंग्रजाने लेनापी लोकांना सलोख्याचा शब्द दिला आणि त्यांच्या प्रमुखाने, तामनेंदने, त्याला शिंपल्यांच्या मण्यांचा पट्टा दिला. कागद कुणी पाहिलेला नाही. गोष्ट टिकली ती त्याच्याविनाच.

एल्म म्हणून मैदानातला कडुनिंब ठरला. पेन अर्थातच बत्रासाहेब.

"आणि तामनेंद?"

"पारावर तो म्हातारा हुक्का ओढत बसतो ना? त्यालाच घ्या. मेकअपसुद्धा नको."

त्या म्हाताऱ्याचं नाव रिसालसिंग. सगळे ताऊ म्हणत. शाळेची जमीन पूर्वी त्यांच्या गावाची. कडुनिंब आणि त्याखालचा पार तेवढा गावाकडे राहील, असा शब्द थोरल्या बत्रांनी दिला होता. थोरले बत्रा गेले. आता संमेलनानंतरच्या सोमवारी झाड तोडून तिथे पोहण्याचा तलाव खणायचा होता. शाळेत सगळ्यांना हे ठाऊक होतं. ताऊंनाही. तरी ते तालमीला रोज वेळेवर हजर, आणि आले की प्रश्न.

"बेटी, त्या गोऱ्याने शब्द पाळला?"

"त्याने पाळला. पुढे त्याच्या मुलांनी कुठला तरी जुना कागद काढून दाखवला आणि जमीन घेतली. ताऊ, पट्टा दोन्ही हातांनी धरा."

"त्या लोकांनी कागद वाचला नाही?"

"त्यांना ती लिपी येत नव्हती, कसा वाचणार? चला, पहिल्यापासून."

ताऊंनी मान डोलावली. "नाटकाला कागद लागतो ना? मी आणतो."

दोन दिवसांनी त्यांनी तहसिलीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाकडून एक पिवळट कागद आणला. वर शिक्का, खाली दाट उर्दू.

अलकनंदाने कपाळावर हात मारला. "सर, पेनच्या तहात उर्दू?"

"दिसतोय किती अँटिक! पाहुण्यांना काय कळतंय?"

"मलाही कळत नाही."

"मला तरी कुठे कळतं? फोटोत छान येईल. बस."

रविवारी चारशे लोकांसमोर आणि व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर नाटक झालं. ताऊंनी पट्टा दिला. बत्रासाहेबांनी पिसाची लेखणी बाजूला सारून खिशातलं हिरवं पेन काढलं आणि आपली नेहमीची लफ्फेदार सही ठोकली. खाली त्या दिवसाची तारीख. पडद्याआड अलकनंदाने दात आवळले.

ताऊंनी अंगठा उमटवला. मग संहितेत नसताना ते कागद घेऊन थेट तिच्याकडे आले.

"बेटी, गवाह."

सगळे बघत होते. ताऊंचं बोट एका मोकळ्या ओळीवर होतं. प्रयोगवहीत एक रकाना रिकामा दिसला तरी वही परत करणारी बाई ती. तिने पूर्ण नाव, पदवी, पत्ता, सगळं सुवाच्य लिहिलं. टाळ्या पडल्या.

"कसं झालं?" संध्याकाळी नवऱ्याने, हेरंबने विचारलं.

"भिकार! पेनच्या तहावर डिसेंबर शहाण्णवची तारीख! आणि सही स्वतःच्या नावाची! अरे, जो कागद नव्हताच..."

"सोड ना यार," हेरंब म्हणाला. "तो कागद कोण वाचणार आहे?"

सोमवारी सकाळी करवतवाले आले. ताऊ पारावर हुक्का ओढत बसले होते. शेजारी काळ्या कोटातले एक वयस्क वकील. मागे सगळं गाव.

"अरे, वो तो नाटक का कागज़ है!" बत्रासाहेब ओरडत होते.

"सही आपलीच ना?" वकिलांनी शांतपणे विचारलं. मग ते उर्दूतला मजकूर एकेक ओळ हिंदीत सांगू लागले. कडुनिंब, पार आणि भोवतीची पाच बिस्वे जमीन कायमची गावाची. वडिलांनी दिलेला शब्द मुलाला मान्य. लिहून देणार, बत्रा. लिहून घेणार, रिसालसिंग.

पोरं वर्गांच्या खिडक्यांत गोळा झाली होती. अलकनंदा खडू हातात घेऊन व्हरांड्यात उभी होती.

"आणि साक्षीदार," वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला, "अलकनंदा हेरंब देवस्थळी, एम.एस्सी., वैशाली, गाझियाबाद. हजर आहेत का?"