खवट

केतकी सुरवसे तेलाच्या तपासणीच्या फॉर्मवर मंजुरीचा शिक्का मारणार, इतक्यात चहा घेऊन आलेल्या द्वारकामावशी नमुन्याच्या उघड्या बाटलीपाशी थबकल्या. "खवट आहे," त्या म्हणाल्या.

"आता मी काय केलं?" केतकी वैतागली.

"तू नाही गं. तेल."

"तेल कसं खवट असेल, मावशी? खवट माणसं असतात."

डाळिंबाच्या सालीचा अर्क तेलातुपात आणि माणसांच्या अंगात जायला लागून चाळीस वर्षं झाली होती. त्यानंतर जन्मलेल्या केतकीने बिघडलेलं तेल कधी हुंगलंच नव्हतं. हे तेल तर संध्याकाळी दवाखान्यात जाणार होतं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शिरेतून द्यायच्या पोषणद्रवासाठी.

"अर्क पुरेपूर आहे. यंत्र दाखवतंय ना!"

"असेल. पण तेल बिघडल्यावर घातलाय. अर्क बिघाड थांबवतो गं, मागे नाही फिरवत. माझ्याकडे बघ की! तुम्ही विशीत डोस घेतलात, विशीतच राहिलात. मला तो साठाव्या वर्षी मिळाला. गेली चाळीस वर्षं मी साठीचीच आहे."

केतकीने बाटली नाकाशी धरली. जुन्या रंगाच्या डब्यासारखा कसलातरी वास आला आणि घशाला टोचला. तिने शिक्का बाजूला ठेवला. फॉर्मवर वासाचा रकाना नव्हता, म्हणून तिने समासात लिहिलं, 'खवट'.

हा शब्द आजवर तिने फक्त मावशींसाठी वापरला होता, तोही त्यांच्या पाठीमागे.