पहिला घाव

शर्वरीने तिसरा भोपळा ओट्यावर आदळला. सकाळच्या लांबट भोपळ्याची फोड पाणचट निघाली, दुपारच्या तांबड्या फोडीत नुसते दोरे. घारग्यांना कोरडा, गोड गर हवा, म्हणून आता तिने हिरव्या सालीचा अख्खाच उचलून आणला होता.

"अगं, अख्ख्या भोपळ्यावर पहिला घाव पुरुषाने घालायचा असतो," सासूबाई म्हणाल्या. "उद्या बघू."

शर्वरीचं डोकंच फिरलं. नवरा दौऱ्यावर, शेजारचे काका गावाला, आणि इकडे किसलेला गूळ पाझरायला लागलेला! "आई, बाबा वर्षवर्षभर जहाजावर असायचे. तेव्हाही घरात घारगे व्हायचेच ना? मग कोण कापायचं?"

सासूबाई उठल्या. त्यांनी पुढच्या दाराला कडी घातली, पदर खोचला आणि कोयत्याच्या एका घावात भोपळ्याची दोन शकलं केली. आत गर्द केशरी, कोरडा गर.

"कुणी विचारलं, तर शेजारच्या काकांनी कापला म्हणायचं."

"पण ते तर गावाला गेलेत!"

"तेव्हा तरी काका कुठे घरी असायचे?"