भीमण्णाच्या हातची गॅस्केट

कमठाण्याच्या लाल माळावर शर्यतीचा सराव संपला आणि शिवकन्या गाडीतून उतरली ती थेट बॉनेट उघडायला गेली. गाडी सुरुवातीला झकास पळायची, पण खरा वेग घ्यायची वेळ आली की नाक दाबल्यागत गुदमरायची. गेल्या आठवड्यात ह्याच गाडीनं तिच्या थोरल्या भावाच्या, महेशकुमारच्या, गाडीला मागं टाकलं होतं. आज दोघं एकाच शर्यतीत होते आणि गाड्या सुटायला फारसा वेळ उरला नव्हता.

तिनं पाना घेतला आणि मॅनिफोल्ड खोलायला लागली. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या चार नळ्यांची जुडी. नळ्यांची तोंडं इंजिनाच्या तोंडांशी तंतोतंत जुळली तर हवा सरळ आत जाते. मध्ये नखाएवढी पायरी राहिली तरी अडखळते. हे तिला बापानं, भीमण्णानंच शिकवलेलं. भीमण्णाकडं कलबुर्गीहून लोक गाड्या आणायचे ते ह्या जुळवणीसाठीच. ह्या गाडीच्या नळ्या तिनं स्वतः घासून जुळवल्या होत्या. फक्त मध्ये बसणारी पातळ चकती, म्हणजे गॅस्केट, ती तेवढी मी बघतो, तू नीज, असं म्हणून काल रात्री भीमण्णानं अंगावर घेतली होती. बाप आहे म्हणून तीही निर्धास्त झोपली.

इंजिन तापलेलं होतं. बोटं पोळली, पण गॅस्केट निघाली.

भीमण्णा विकतची गॅस्केट कधी लावायचा नाही. इंजिनाच्या तोंडावर गॅस्केटची कोरी शीट धरायचा आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी कडेकडेनं भोक पाडायचा. तोंड असेल तेवढंच भोक, केसभर कमी नाही की जास्त नाही. ह्या गॅस्केटची भोकं मात्र लहान होती. चारही. चुकून झालं असतं तर एखादं लहान, एखादं तिरकं झालं असतं. ही चारी सारखी, मन लावून कापलेली होती. परक्यानं पाय ओढला तर माणूस समजू शकतो. इथं बापानंच केसानं गळा कापला होता, आणि तोही किती सफाईनं! शिवकन्येच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भीमण्णा महेशकुमारच्या गाडीपाशी उभा होता. तिनं जाऊन गॅस्केट त्याच्या डोळ्यांपुढं धरली. शीटच खराब आली असेल, असं त्यानं आधी पुटपुटून बघितलं. लोक वळून बघायला लागले तसा आवाज खाली आणून समजुतीवर आला. माळ खडकाळ आहे, वळणं वाईट आहेत, पोरीची गाडी उलटली तर जगाला काय तोंड दाखवायचं? आणि बहिणीपुढं हरला तर महेशचं चार गावांत हसं होईल, हेही बोलता बोलता त्याच्या तोंडून निसटलं. ते सावरायला तो घाईनं म्हणाला, "तुझ्या जिवासाठी केलो मी हे."

"व्हय?" शिवकन्या म्हणाली. "मग ब्रेक कामून बघितलाव न्हाई, अप्पा? पॅड झिजून पार पत्र्याला लागले हुते. मीच बदलले. तुमी निस्ती हवाच आवळलाव."

महेशकुमार हेल्मेटचा पट्टा उगाच सोडत आणि बांधत राहिला.

तिनं पाकिटातून कोरं ब्लेड काढलं आणि गॅस्केटसकट बापाच्या हातात दिलं.

"बसा. जेवढी चोरलाव तेवढी मोकळी करा. हितंच, सगळ्यांच्या म्होरं."

भीमण्णानं एकदा आजूबाजूला बघितलं. मग तो तिथंच लाल मातीत मांडी घालून बसला आणि पहिलं भोक कापायला लागला. कापून झाल्यावर त्यानं गॅस्केट वर धरली. शिवकन्येनं ती आपल्या गाडीच्या इंजिनाच्या तोंडावर लावून बघितली, कडेवरून बोट फिरवलं आणि परत त्याच्या हातात दिली.

"अजून हाय," ती म्हणाली. "कापा."