राहणार

कोर्टाच्या दारात हवालदारानं पूर्णिमाच्या पर्समधली मिरचीपूड काढून घेतली. "ताई, आम्ही आहोत ना? इथं तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही."

"इथं नाही हो, बाहेर!" ती फणकारली. जामिनावर सुटलेल्या नवऱ्यानं, इंद्रजीतनं, जिवे मारायची धमकी दिल्यापासून ती घर बदलून लपून राहत होती.

साक्षीला उभी राहताच कारकुनानं विचारलं, "नाव, वय, धंदा, राहणार?"

"पत्ता मोठ्यानं सांगू? तो समोर बसलाय!"

"कोर्टात आवाज चढवायचा नाही, बाई. लिहून द्या."

तिनं कागद ओढून घेतला आणि लिहून दिलं. टाइप करता करता कारकुनानं खणखणीत आवाजात वाचलं, "राहणार धायरी, मारुती मंदिरामागे, दुसरा मजला. बरोबर?"


आरोपीच्या बाकावरून इंद्रजीतनं मान डोलावली.