उरलंसुरलं

"अजून थोडा उजवीकडे सरक," अर्पिता म्हणाली. "मागचा माळा दिसला पाहिजे."

हरिओम सरकला. अंगात काळा टीशर्ट, खांद्यावर केस, पाठीमागे हुरड्याला आलेली ज्वारी आणि ज्वारीच्या मधोमध राखणीचा माळा. राणीसावरगावच्या शिवारात असला फोटो याआधी कुणी काढला नसेल.

फोटो 'वारूळ' बँडच्या नव्या अल्बमसाठी होता. नवा आपला म्हणायचा. आत सगळा जुनाच माल: कच्ची रेकॉर्डिंगं, कुठेच न आलेली गाणी, अर्धवट तालमी. अल्बमचं नावच 'उरलंसुरलं'. बँड मेलोडिक डेथ मेटलचा. म्हणजे गिटारी गोड आणि गळा मात्र रेडा रेकल्यासारखा. असल्या गाण्यावरही जीव टाकणारी माणसं असतात, आणि पुण्याकडे ती बरीच होती.

त्या सगळ्यांना एकच गाणं हवं होतं. 'राखण'. बारा वर्षांपूर्वी याच आखाड्यावर, शेतातल्या या पत्र्याच्या खोलीत लॅपटॉपवर भरलेलं. मध्येच गिटारी थांबतात आणि एक डरकाळी उठते. त्या डरकाळीनं हरिओमला नाव दिलं होतं. स्टेजवर मात्र तो ते गाणं कधी घेत नसे. घसा जपावा लागतो, म्हणायचा. लोकांना त्यातही काहीतरी थोर वाटायचं.

"झालं ना? मग निघू," तो म्हणाला. "पुढं रस्ता खराब आहे."

"निघू काय? काकूंनी आगटी पेटवलीय."

हरिओमच्या आईनं, बायनाबाईंनी, खरंच आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसून त्या पाहुणीची वाट बघत बसल्या होत्या. हरिओमला सगळ्याचीच लाज वाटत होती. गंजलेल्या पत्र्याची, बसायला अंथरलेल्या पोत्याची, आईच्या भेगाळलेल्या टाचांची. आणि आपल्याला आईची लाज वाटते, याची तर फारच. पुण्याची अर्पिता गाण्यांच्या कंपनीतर्फे अल्बम काढत होती. ती पोत्यावर मांडी घालून बसलीसुद्धा.

आईनं गाणं ऐकू नये, एवढीच आज त्याची धडपड होती. इतकी वर्षं त्यानं ते टाळलं होतं. "माय, तुला न्हाई आवडायचं, नुसता गोंगाट हाय," असं म्हटलं की ती मान डोलवायची. तिच्याजवळ फोनही बटणांचाच होता. म्हणून निभावलं होतं.

"घ्या बाई, गरम हाय तवरच ग्वाड लागतंय," बायनाबाईंनी कणीस चोळून अर्पिताच्या ओंजळीत हुरडा टाकला.

तेवढ्यात ज्वारीत खसखस झाली. बायनाबाईंनी शेजारचा तेलाचा रिकामा डबा उचलला आणि काठीनं बडवला. खसखस थांबली नाही.

"डुकरं," त्या म्हणाल्या. "डब्याला भीत न्हाईत आता मेली. लय सोकावली."

"मग ओरडायचं ना जोरात!"

बायनाबाई हसल्या आणि पदर तोंडाला लावला. "न्हाई बाई. वरडणं सोडलं म्या."

"का?"

"माय, राहू दे की," हरिओम म्हणाला.

"आरं, सांगू दे. घरचीच हाय ती." त्यांनी निखारे सारखे केले. "म्या एकदा ह्याचं लय नुसकान केलं. बाकीची पोरं परभनीला गेलती. ह्यो एकलाच खोलीत टेप करायलता. म्या माळ्यावर. डुकरांचा कळप घुसला, मला कुठलं आलंय ध्यान? वरडले पोटातून. सगळं टेपात गेलं की. ह्यो भाईर आला तर तोंड असं पांढरं झालतं. पोराची मेहनत पान्यात घातली म्या. लय लाज वाटली बगा. तवापून डबाच वाजवते."

"मग त्या टेपचं काय झालं?"

"हरी म्हनला, पुसलं. पुसता येतंय म्हने ते."

"येतं की," अर्पिता हसली.

हरिओम खाली बघून चोळलेलंच कणीस पुन्हा चोळत होता. मायनं बारा वर्षं या एका गोष्टीची खंत बाळगली, आणि एका शब्दानं आपण ती काढू शकलो असतो. तो शब्द आजही तोंडातून फुटत नव्हता.

"काकू, तुम्ही याचं गाणं ऐकलंय कधी?"

"न्हाई बाई. मला कोन ऐकवतंय?"

"म्हणजे काय! सगळं जग ऐकतं आणि तुम्हीच नाही?" अर्पितानं पिशवीतून छोटा स्पीकर काढला.

"अर्पिता, नको. उशीर होतोय. आणि तिला त्रास होतो आवाजाचा."

"मला कसला तरास?" बायनाबाई म्हणाल्या. त्यांनी हात पदराला पुसले आणि देवळात बसावं तशा नीट बसल्या. "लाव बाई. एकडाव ऐकू दे माझ्या लेकराचं."

गिटारी सुरू झाल्या. बायनाबाईंना त्या आवडल्या असाव्यात. त्यांचा गुडघा हलायला लागला. हरिओम उठला, पुन्हा बसला.

"आता ऐका हं काकू," अर्पिता म्हणाली. "याच्या या आवाजासाठी लोक वेडे झालेत."

गिटारी थांबल्या. डरकाळी उठली, लांबलचक, पोटातून. ज्वारीत एकदम धडपड झाली आणि डुकरं ओढ्याकडे पळत सुटली.

बायनाबाईंचा गुडघा थांबला. चेहरा लाजेनं उतरला. त्यांनी पदर ओढून तोंडाला लावला आणि अर्पिताकडं न बघता लेकाला हळूच म्हणाल्या,

"आरं हरी, हे ऱ्हायलंच की रं! पुसलं म्हनला व्हतास न्हवं?"