शपथेला पात्र

"पोरीला थोडी नरकाची भीती घाल. पुढेमागे उपयोगी पडेल," सासूबाई म्हणाल्या होत्या. ती हसली होती. भीती घालून का कुणी खरं बोलायला शिकतं?

आता तिची सहा वर्षांची मुलगी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात स्टुलावर उभी होती. काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, मावशीला जिन्यावरून ढकललं, ते पाहणारी ती एकटीच. मावशी स्वतः "पाय घसरला" यापलीकडे एक शब्द बोलायला तयार नव्हती. तक्रारही मुलीच्या आईनंच केलेली. बहीण तिची होती.

न्यायाधीश वाईट नव्हते. चष्मा काढून, आजोबांसारखे पुढे झुकून त्यांनी विचारलं, "बाळ, शपथ घेऊन खोटं बोललं तर काय होतं?"

मुलीनं विचार केला. "आईला लगेच कळतं."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"बरं. आणि मेल्यावर?"

"मेल्यावर कुणी बोलतच नाही."

न्यायाधीशांनी चष्मा चढवला. साक्षीदार शपथेला पात्र नाही.

"अहो, पण तिनं पाहिलंय!" आई ताडकन उठली. शिपायानं हातानंच खाली बसायची खूण केली.

"जुना नियम आहे, ताई," वकील कानाशी पुटपुटला. "एके काळी न्यायनिवाडा पाद्रीच करायचे. ते गेले, त्यांची मोजपट्टी राहिली. नरकाला जो भीत नाही, त्याची शपथ कसली?"

"आणि जो भितो, तो खोटं बोलत नाही?"

वकील कागद आवरायला लागला.

काकांनी सकाळी शपथेच्या बायबलवर हात ठेवला होता. अगदी सपाट, पाचही बोटं जुळवून. रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांत ते पहिल्या रांगेत असतात.

बाहेर दगडी पायऱ्या होत्या. काकांनी मावशीचा दंड जपून धरला. "सावकाश हं," ते म्हणाले, चार लोकांना ऐकू जाईल असं. मावशीनं मागे वळून पाहिलं नाही.

"आई, मी खोटं बोलले का गं?" मुलीनं विचारलं. आईनं तिला कडेवर उचललं आणि पायऱ्या उतरायला लागली.

काका-मावशीचं घर म्हणजे पुलापलीकडची हिरवी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. या मायलेकींना आता तिथे पाऊल टाकायला काकांची बंदी आहे. तुमचं तिकडून जाणं झालं तर काहीही निमित्त काढा. मीठ मागा, नाहीतर चुकून बेल वाजवली म्हणा. फक्त दार मावशीनं उघडलं का, तेवढं बघून या.